सरकारी भ्रष्टाचार आणि विकास: नाशिककर सतत विचारतात ते प्रश्न

मी नाशिकच्या अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या छोट्या युनिट्सचे हिशेब बघते. जीएसटी, पगारपत्रक, बँकेचे कागद, हेच रोजचं काम. रविवारी सकाळी आम्ही दोघी-तिघी मिळून लोकांना माहिती अधिकाराचे आणि सेवा हक्काचे अर्ज लिहायला मदत करतो. तिथं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून तेच प्रश्न येतात, एमपीएससी करणाऱ्या पोरांचे, निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्यांचे, शेडवाल्यांचे, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. आधी अर्थकारणाचे प्रश्न, मग नाशिकचे, शेवटी कायद्याचे. उत्तर दुसरीकडे दिलेलं असेल तर तिथं फक्त प्रश्नाचा नंबर टाकलाय.

१. ताई, भ्रष्टाचार म्हणजे लाचच ना? की अजून काही?

लाच हा दिसणारा भाग आहे. चहापाणी, वजन ठेवणं, हात ओले करणं, नावं काहीही द्या. पण ठेक्यातली टक्केवारी, न झालेल्या कामाचं बिल, वशिल्याची भरती, आपल्या माणसाच्या प्लॉटवरचं आरक्षण उठवणं, हे पण त्यातच येतं, आणि यातल्या बऱ्याच प्रकारांत सामान्य माणसाकडून कुणी एक रुपयाही मागत नाही त्यामुळे ते कळतच नाही. किरकोळ लाचेचा त्रास रोज होतो. मोठ्या प्रकारांचं नुकसान वर्षानुवर्षं भोगावं लागतं.

२. लाचेचा पैसा कुठं देशाबाहेर जातो? तो माणूस पण घर बांधतो, गाडी घेतो, पैसा बाजारातच फिरतो. मग देशाचं नुकसान कसं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि विचारणारा काही वेडा नसतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दिलेले पैसे हे नुकसानीतलं सगळ्यात लहान कलम आहे. ते माझ्या वहीत दिसतात तरी. कुणी 'ऑफिस खर्च' म्हणून टाकतं, कुणी 'किरकोळ', कुणी 'स्टाफ वेल्फेअर', मला आकडा बघितला की कळतं. वहीत जे येतच नाही ते खरं नुकसान.

माझ्याकडे हिशेबाला असलेल्या एका पत्र्याच्या जॉबवर्कवाल्याचं सांगते. एक पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा कापायचं-दाबायचं मशीन, होती, दुसरी घ्यायची होती. कोटेशन आलेलं, बँकेचं कर्ज मंजूर, पेठ-सुरगाण्याकडची सहा पोरं घ्यायचं ठरलेलं, त्यातल्या दोघांनी तर शेडजवळ खोली पण बघून ठेवलेली. शेड वाढवायला एका कार्यालयाची परवानगी हवी होती. फाइल 'वर गेलीय', मग 'साहेब मीटिंगला', मग एक नकाशा परत आणा, मग तोच नकाशा वेगळ्या स्केलवर आणा. मागितलेली रक्कम फार नव्हती, पण हा माणूस देणार नाही म्हणाला. अकरा महिने गेले. तोवर ज्या कंपनीसाठी हे सगळं चाललं होतं तिनं ती ऑर्डर चाकणच्या व्हेंडरला दिली. मशीन आलंच नाही, कर्ज उचललंच नाही, पोरं परत गेली. आता सांगा, हे नुकसान कुठल्या खात्यात लिहू? लाच तर शून्य रुपये आहे.

त्यानं पैसे दिले असते तरी भागलं नसतं. एकदा देणाऱ्याकडे दरवर्षी माणूस येतो. म्हणून कित्येक मालक मुद्दाम लहान राहतात, कामगारांची संख्या एका आकड्यापुढे जाऊ देत नाहीत कारण पुढे गेलं की नवे कायदे, नव्या तपासण्या आणि नवे हात. कायदे कामगारांच्या भल्याचे आहेत, ते असायलाच हवेत, पण तपासणी म्हणजे वसुली झाली की मालक वाढच टाळतो. देशाची वाढ अशा हजारो दुसऱ्या प्रेसमधूनच होत असते.

आणि सरकारचा पैसा असेल तर तो चुकीच्या जागी जातो. पाओलो माउरो या अर्थतज्ज्ञानं १९९५ मध्ये बऱ्याच देशांचे आकडे तपासून दाखवलं की भ्रष्टाचार जास्त तिथं गुंतवणूक कमी आणि त्यामुळे वाढ कमी. नंतरच्या अभ्यासात त्याला अशा देशांत शिक्षणावरचा सरकारी खर्चही कमी दिसला. कारण समजायला सोपं आहे, शिक्षकाच्या पगारात टक्केवारी काढता येत नाही, बांधकामात येते.

३. पण पैसे दिले की काम लवकर होतं हे तर खरंय. मग ते गाडीला वंगण घातल्यासारखंच नाही का?

हे अर्थशास्त्रात पण गंभीरपणे मांडलं गेलंय. १९६४ मध्ये नथॅनियल लेफ आणि १९६८ मध्ये सॅम्युएल हंटिंग्टन यांनी साधारण असंच म्हटलं होतं, की नियम फार जाचक असतील तर लाच हा त्यातून निघायचा रस्ता आहे. एकट्या माणसापुरतं ते बरोबर वाटतं, आज मी पैसे दिले तर आज माझं काम होईल.

गडबड अशी की नियम आणि वेळ दोन्ही त्याच माणसाच्या हातात असतात. वंगणाचे पैसे मिळतात हे कळलं की गाडी मुद्दाम करकरायला लागते. गुन्नार मिर्डाल यांनी दक्षिण आशियाबद्दल लिहिताना १९६८ मध्येच हे सांगितलं होतं. पुढे कौफमन आणि वेई यांनी अनेक देशांतल्या कंपन्या बघितल्या तर ज्या कंपन्या जास्त लाच देतात त्यांचाच सरकारी माणसांसोबत जास्त वेळ जातो असं निघालं. म्हणजे पैसेही गेले आणि वेळही.

दिल्लीत ड्रायव्हिंग लायसन्सवर एक फार चांगला प्रयोग झाला होता, तो २००७ मध्ये छापून आला. काही लोकांना सांगितलं की लायसन्स लवकर काढा, बक्षीस देऊ. त्यांना ते लवकर मिळालं पण बहुतेकांनी एजंट धरला आणि टेस्टच दिली नाही, नंतर स्वतंत्र परीक्षा घेतली तर अनेकांना गाडी नीट चालवताही येत नव्हती. काम लवकर झालं खरं, पण लायसन्स ज्यासाठी असतं तेच राहून गेलं. आपल्या नाशिकच्या द्वारका सर्कलला संध्याकाळी सहा वाजता उभं राहून हा विचार करून बघा.

४. चीन, कोरिया, इंडोनेशियात पण प्रचंड भ्रष्टाचार होता. तरी ते पुढे गेले. मग?

गेले, हे मान्य करायलाच पाहिजे. जे म्हणतात भ्रष्टाचार असला की वाढ होतच नाही ते चुकतात.

फरक वसुली कशी होते यात आहे. श्लायफर आणि विश्नी यांनी १९९३ मध्ये हे समजावलं. एकाच दरवाज्यावर पैसे दिले आणि काम नक्की झालं तर ते एखाद्या करासारखं असतं, वाईटच पण हिशेबात धरता येतं. दहा दरवाजे, दहाही जण स्वतंत्रपणे अडवू शकतात, आणि सगळ्यांना देऊनही कामाची खात्री नाही, ही अवस्था सगळ्यात घातक. आपल्याकडे बऱ्याचदा ही दुसरी अवस्था असते.

इंडोनेशियात सुहार्तोंच्या काळात वसुली वरून एकवटलेली होती आणि वाढही झाली. पण बँका आणि मक्तेदाऱ्या जवळच्या माणसांकडे होत्या. संकट आलं तेव्हा १९९८ या एका वर्षात अर्थव्यवस्था साधारण १३ टक्क्यांनी आकसली आणि सुहार्तोंना जावं लागलं. कोरियात मोठ्या उद्योगांना सरकारी कर्ज मिळायचं पण निर्यात करून दाखवावी लागायची, नुसती ओळख पुरत नव्हती, आणि १९९६ मध्ये तिथल्या दोन माजी राष्ट्राध्यक्षांना न्यायालयानं दोषी ठरवलं. चीनमध्ये वाढीचा मोठा भाग जमिनीच्या व्यवहारांवर उभा राहिला, त्या पैशाच्या ओढीनं गरजेपेक्षा जास्त इमारती झाल्या आणि त्याचं ओझं आता त्यांच्या बांधकाम क्षेत्रावर आहे. तेव्हा 'भ्रष्टाचार असून वाढले' असं म्हणा, 'भ्रष्टाचारामुळे वाढले' असं नको.

५. भारत जगात कितवा आहे? आणि नाशिक?

ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या २०२४ च्या निर्देशांकात भारताला १०० पैकी ३८ गुण आहेत आणि १८० देशांत ९६ वा नंबर. आदल्या वर्षी ३९ गुण आणि ९३ वा होता. हा निर्देशांक तज्ज्ञ आणि उद्योजकांच्या मतांवर काढतात, प्रत्यक्ष लाच मोजून नाही, त्यामुळे एका गुणाच्या फरकावर भांडण्यात अर्थ नाही. शहरांची यादी त्यात नसते. 'नाशिक महाराष्ट्रात अमुक नंबरवर' असं फॉरवर्ड आलं तर ते बहुतेक लाचलुचपत प्रतिबंधक विभागानं लावलेल्या सापळ्यांच्या (प्रश्न १३) संख्येवरून काढलेलं असतं, आणि सापळे जास्त म्हणजे भ्रष्टाचार जास्त असंच काही नाही, तक्रार करणारे जास्त असाही त्याचा अर्थ होतो.

६. रुपयातले पंधरा पैसेच पोचतात म्हणतात. हे खरं मोजता येतं का?

ते वाक्य राजीव गांधींचं, १९८५ चं, ओडिशातल्या कालाहंडीच्या दौऱ्यानंतरचं. तो रोख सांगणारा अंदाज होता, मोजमाप नव्हतं. 'देशाच्या उत्पन्नाच्या इतके टक्के लाचेत जातात' असले नेमके आकडे फिरतात त्यावर विश्वास ठेवू नका, लपवून होणाऱ्या गोष्टीची पावती नसते.

एकेका कामापुरतं मात्र मोजता येतं. युगांडात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनं शाळांना पाठवलेलं अनुदान आणि शाळेत पोचलेलं अनुदान ताडून बघितलं तर सरासरी १३ टक्केच पोचलं होतं. मग प्रत्येक हप्त्याची रक्कम वर्तमानपत्रात छापायला लागले आणि काही वर्षांत पोचण्याचं प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेलं. इंडोनेशियात बेंजामिन ओल्केन या अभ्यासकानं ६०८ गावांतले नवे रस्ते खणून, खडी-वाळूचे नमुने काढून, बिलाशी ताडले. जिथं आधीच सांगितलं होतं की ऑडिट नक्की होणार तिथं गायब खर्च ८ टक्के पॉइंटनं कमी झाला. गावसभा भरवून मात्र सरासरीत फारसा फरक पडला नाही. मी स्वतः गावसभेवर भरवसा ठेवणारी, त्यामुळे हे वाचून वाईट वाटलं होतं, पण तेव्हापासून मी लोकांना सभेत ओरडण्याआधी कागद मागायला सांगते (प्रश्न ११).

आपल्याच राज्याचं म्हणाल तर, २०१२ मध्ये आर्थिक पाहणीतल्या आकड्यावरून गदारोळ झाला की दहा वर्षांत सिंचनावर सुमारे ७० हजार कोटी खर्च होऊन सिंचित क्षेत्र ०.१ टक्काच वाढलं. तो आकडा बरोबर की नाही यावर वाद झाला, सरकारनं श्वेतपत्रिका काढली, मग चितळे समिती नेमली. लाच कुणी किती घेतली हा कोर्टाचा विषय. पण पाणी शेतात पोचलं का हे मोजायची पद्धतच धड नव्हती, हे त्या वादात उघडं पडलं.

७. गरिबीमुळे भ्रष्टाचार की भ्रष्टाचारामुळे गरिबी? आधी कोण?

दोन्ही एकमेकांना पोसतात. पण टंचाई ही त्यातली मोठी गाठ आहे. घरात वडीलधाऱ्यांना विचारा, टेलिफोनचं कनेक्शन मिळायला किती वर्षं लागायची आणि लाइनमनला काय काय द्यावं लागायचं. आज सिमकार्डसाठी कुणी लाच देत नाही. माणसं सुधारली असं नाही, वस्तू मुबलक झाली आणि देणारे चार झाले. स्कूटरचं पण तसंच.

आणि श्रीमंत होईपर्यंत थांबावं लागतं असंही नाही. सिंगापूरची भ्रष्टाचारविरोधी यंत्रणा १९५२ ची, हाँगकाँगची १९७४ ची, दोन्हीकडे आजच्यासारखी सुबत्ता तेव्हा नव्हती.

८. पगार वाढवले तर लाच थांबेल का?

नुसते वाढवून नाही. घानामध्ये २०१० मध्ये पोलिसांचे पगार जवळपास दुप्पट केले, नंतर ट्रकवाल्यांचा अभ्यास झाला तर वसुली कमी न होता वाढलेली निघाली. पकडलं जायची भीती नसेल तर वाढीव पगार फक्त खिशात जातो. पण पोट भरणार नाही इतका कमी पगार, किंवा वर्षानुवर्षं कंत्राटावर राबवणं, हे पण चूकच.

९. आता सगळं ऑनलाइन आहे. तरी पैसे का मागतात?

जिथं माणसाच्या मर्जीचा संबंध संपला तिथं खरंच थांबलंय. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या निघतो, त्यासाठी आता कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही, हा बदल लहान नाही. पण जिथं अर्ज ऑनलाइन आणि निर्णय साहेबाचा, तिथं 'त्रुटी' नावाचं हत्यार राहतं. अर्ज परत येतो, कारण एका ओळीचं, पुन्हा भरा, पुन्हा परत. मग बाहेर झाडाखाली बसलेला एजंट म्हणतो, माझ्या लॉगिनवरून टाकू.

फेरफाराचं, म्हणजे सातबाऱ्यावर नवं नाव लागण्याच्या नोंदीचं, उदाहरण घ्या. खरेदीखत नोंदलं की त्याची सूचना आपोआप जाते, नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात. हरकत नसेल तर नोंद व्हायला पाहिजे. निफाडकडच्या एका काकांची नोंद हरकत नसताना अडकली होती, द्राक्षबागेवर कर्ज काढायचं, छाटणी तोंडावर आलेली, आणि सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून बँक थांबलेली. त्यांना एकच सांगितलं, तोंडी उत्तर घेऊ नका, लेखी मागा. मग प्रश्न १६ मधला रस्ता धरला.

ई-टेंडरबद्दल पण विचारतात. भारत आणि इंडोनेशियातल्या रस्त्यांच्या टेंडरवर अभ्यास झालाय, त्यात ऑनलाइन केल्यानं किंमत कमी झाली नाही, पण भारतात रस्त्यांचा दर्जा सुधारला, कारण लांबचे चांगले ठेकेदार भाग घेऊ शकले. म्हणजे फायदा आहे. फक्त ज्या कामाचे तुकडे पाडून टेंडरच टाळलं जातं तिथं तो पोचत नाही.

१०. तेलगी प्रकरणात नाशिकचं नाव का येतं?

कारण मुद्रांक आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले जातात. अब्दुल करीम तेलगीनं तिथलीच लिलावात निघालेली जुनी यंत्रं मिळवली आणि बनावट स्टॅम्पपेपर छापून देशभर विकले. २००१ मध्ये तो अजमेरला पकडला गेला, पुढे ३० वर्षांची सक्तमजुरी झाली, २०१७ मध्ये तो वारला.

विकासाशी याचा थेट संबंध आहे. मुद्रांक शुल्क म्हणजे राज्याचं उत्पन्न, त्यातूनच दवाखाने आणि शाळा चालतात, बनावट कागद विकला की ते पैसे तिजोरीत येतच नाहीत. वर ज्यांनी पै-पै जमवून घर घेतलं त्यांना आपला करारच खरा की खोटा ही धास्ती. त्यानंतर फ्रँकिंग आणि ऑनलाइन भरणा वाढला तो याच धड्यातून. प्रेसमध्ये प्रामाणिकपणे पिढ्यानपिढ्या राबलेले हजारो लोक नाशिकरोडला राहतात, त्यांच्याकडे बोट दाखवू नका.

११. सिंहस्थाची कामं जोरात चालू आहेत. आपल्या गल्लीतला रस्ता नीट झाला की नाही हे आपण कसं तपासायचं?

२०१५ नंतर आता २०२६-२७ चा सिंहस्थ. तारीख पक्की असते, पुढे ढकलता येत नाही, त्यामुळे 'वेळ नाही' या नावाखाली घाई होते आणि घाईत तपासणी राहते. म्हणून काम चालू असतानाच लक्ष ठेवायचं.

माहिती अधिकाराचा अर्ज करा, फी १० रुपये, कोर्ट फी स्टँप लावला तरी चालतो. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांत हवा. 'भ्रष्टाचाराची माहिती द्या' असं लिहू नका, त्याला उत्तर नसतं. चार गोष्टी मागा: अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तक म्हणजे एमबीच्या प्रती, आणि दोष दायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायची मुदत, किती आहे ते. एमबीमध्ये लांबी, रुंदी, जाडी लिहिलेली असते. टेप घेऊन जा आणि मोजा. पंचवटीतल्या एका गल्लीत आम्ही दोघींनी दुपारच्या उन्हात टेप धरून मोजलं होतं, लांबी बरोबर होती, रुंदी दोन्ही बाजूंनी हातभर कमी. भांडण केलं नाही, आकडे लेखी दिले. कडेच्या पट्ट्या करून मिळाल्या.

बऱ्याच जणांना माहीत नसतं, कायद्याच्या कलम २ (ञ) प्रमाणे कामाची पाहणी करायचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने मागायचा पण हक्क आहे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, महापालिका, बांधकाम विभाग, कुंभमेळा प्राधिकरण असे अनेक जण कामं करतायत म्हणून हे लक्षात ठेवा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. आणि दोष दायित्व कालावधीत खड्डा पडला तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चानं व्हायला हवी, नवं टेंडर कशाला?

१२. नोटाबंदीनं काळा पैसा संपला का?

नाही. बाद केलेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्या असं रिझर्व्ह बँकेनंच २०१८ मध्ये सांगितलं. लाचेचा पैसा नोटांच्या थप्पीत फार काळ राहत नाही, जमीन, सोनं, नातेवाइकाच्या नावावरचा फ्लॅट यात जातो. त्या वेळी नाशिकरोडच्या नोट प्रेसमधल्या लोकांनी सुट्ट्या सोडून नोटा छापल्या होत्या, ते आठवतंय.

१३. लाच मागितली. आता नेमकं काय करायचं?

पहिलं, नाही म्हणून भांडू नका आणि लगेच हो पण म्हणू नका. वेळ मागून घ्या. दुसरं, १०६४ वर फोन करा, हा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर आहे, किंवा नाशिकच्या कार्यालयात सरळ जा.

ते आधी पडताळणी करतात, म्हणजे खरंच मागणी होतेय का हे पंचासमोर आणि रेकॉर्डरवर बघतात. पेपरात 'तडजोडीअंती पाच हजार ठरले' असं येतं ते याच टप्प्यावरचं. मग पावडर लावलेल्या नोटा, पंच, आणि सापळा. तुमचं काम इतकंच की मागितल्याशिवाय द्यायचं नाही. मागणी सिद्ध होणं हा केसचा कणा आहे, नुसत्या खिशात नोटा सापडून भागत नाही. घेणाऱ्याला ३ ते ७ वर्षांची शिक्षा होऊ शकते.

१४. मी आधीच पैसे देऊन बसलोय. मी पण गुन्हेगार का?

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणं हा पण गुन्हा आहे, ७ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पण जबरदस्तीनं द्यावी लागली आणि तुम्ही ७ दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तर तो गुन्हा धरत नाहीत. आणि आधी कळवून, सापळ्यासाठी दिलेले पैसे तर गुन्हा नाहीतच. ७ दिवस उलटून गेले असतील तर वकिलाला विचारून मगच पुढे बोला, कुठल्या ग्रुपवर लिहू नका.

धंदेवाल्यांसाठी एक जोड: लाच खर्चात धरून आयकर वाचवता येत नाही, बेकायदा कामाचा खर्च वजा होत नाही. मी असली नोंद करत नाही हे माझ्या सगळ्या मालकांना माहीत आहे.

१५. सापळ्यात गेलेले पैसे परत मिळतात का? आणि माझं काम कायमचं अडकणार नाही ना?

पैसे सरकार परत देतं. काम कायदेशीर असेल तर ते व्हावं म्हणून लाचलुचपत विभागच पाठपुरावा करतो, तसं त्यांना तक्रारीच्या वेळीच सांगा. काम मुळात नियमात बसणारं नसेल तर मात्र ते होणार नाही, आणि होऊ पण नये.

१६. पैसे कुणी मागतच नाही, नुसतं 'उद्या या' चालू आहे. याचं काय?

लाचलुचपतकडे जाऊन उपयोग नाही, मागणी नाहीये. याला महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. अधिसूचित सेवेला ठरलेली मुदत असते, 'आपले सरकार' पोर्टलवर बघा. अर्जाची तारीख असलेली पोच घ्या, पोच नसेल तर पुढचं काहीच उभं राहत नाही. मुदत संपली किंवा अर्ज फेटाळला की ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, ही दोन्ही खात्यातच, आणि तिसरं सेवा हक्क आयोगाकडे. सबळ कारण नसताना उशीर केला तर ५०० ते ५००० रुपये दंड त्या अधिकाऱ्यावर बसतो. रक्कम थोडी आहे पण सर्व्हिसमधल्या माणसाला नावावरचा दंड लागतो. निफाडच्या काकांची नोंद पहिल्या अपिलाची तारीख लागली त्याच आठवड्यात झाली.

१७. साहेबांनी नाही, बाहेरच्या एजंटनं त्यांच्या नावानं मागितले. मग?

तरी तक्रार होते. सरकारी माणसावर वजन टाकून काम करून देतो म्हणून पैसे घेणाऱ्या खासगी माणसासाठी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम ७ अ आहे. पण फॉर्म भरून द्यायची फी आणि लाच यात गल्लत करू नका, फॉर्म भरणारा शंभर रुपये घेतो तो त्याच्या कष्टाचा मोबदला. कुणासाठी आणि कशासाठी मागतोय हे त्याच्या तोंडून आलं पाहिजे.

१८. तक्रारदारच कोर्टात फिरला किंवा वारला तर केस संपते का?

आपोआप नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नीरज दत्ता प्रकरणात सांगितलं की मागणी आणि स्वीकार इतर साक्षीदार आणि परिस्थितीजन्य पुराव्यावरूनही सिद्ध करता येतो. सिद्ध मात्र करावंच लागतं.

१९. सापळ्यात सापडलेला माणूस वर्ष-दोन वर्षांत परत खुर्चीत दिसतो. असं कसं?

४८ तासांपेक्षा जास्त कोठडी झाली की निलंबन होतं, पण निलंबन ही शिक्षा नाही. खटला चालवायला वरिष्ठांची मंजुरी लागते, त्यासाठी कायद्यात ३ महिने आणि फार तर अजून १ महिना दिलाय. खटला २ वर्षांत संपवायचा प्रयत्न करावा असंही लिहिलंय. प्रत्यक्षात वर्षानुवर्षं जातात, मधे निलंबनाचा आढावा होऊन माणूस दुसऱ्या टेबलावर रुजू होतो. मला विचाराल तर भीती कमी व्हायचं सगळ्यात मोठं कारण हे आहे, शिक्षा कमी असणं नव्हे तर ती लांबणं. अशा केसमध्ये मंजुरी कुठल्या तारखेला मागितली आणि कधी मिळाली हे माहिती अधिकारात विचारता येतं, विचारत राहा.

२०. ताई, खरं सांगू, भीती वाटते. आणि प्रामाणिक माणसं सरकारात उरलीयत का?

आहेत. आपल्याच जिल्ह्यातलं सांगते. यशवंत सोनवणे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी होते. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ पानेवाडीला त्यांनी इंधनाची भेसळ चाललेली पकडली, आणि तिथं त्यांना जिवंत जाळलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. राज्यभरातले सरकारी कर्मचारी तेव्हा रस्त्यावर आले होते.

त्या भेसळीमागचं अर्थकारण साधं होतं. रेशनचं रॉकेल गरिबाच्या चुलीसाठी स्वस्त ठेवलेलं, डिझेल त्याच्या कितीतरी पट महाग, दोन्ही एकमेकांत मिसळतात, म्हणजे प्रत्येक लिटरमागे फुकटचा नफा. एवढा फरक ठेवला की त्यावर टोळ्या उभ्या राहणारच आणि त्यांना सांभाळणारे पण तयार होणार. पुढे रॉकेलवरचं अनुदान टप्प्याटप्प्यानं काढलं गेलं, तो नफाच आटला.

तुमच्या भीतीबद्दल. एकटे जाऊ नका, अर्जावर दोघा-तिघांच्या सह्या घ्या, कागदांचा एक संच दुसऱ्या घरी ठेवा. मोठ्या टोळीचा मामला असेल तर स्वतः व्हिडिओ काढायला जागेवर जाऊ नका. लाचलुचपत विभागाला नाव गुप्त ठेवायला सांगून माहिती देता येते. सापळ्यासाठी मात्र तक्रारदार म्हणून नाव द्यावं लागतं, कोर्टात उभं राहावं लागतं, हे आधी घरी बोलून घ्या. ठरलं तर सोबत आमच्यापैकी एक जण येईल.